बकलावरचं प्लास्टिक

भावजी,

हे परांचीवरून पडून गेले, त्याच दिवशी तुम्ही यांचा सेफ्टी बेल्ट घरी आणून दिलात. "दादा ऐकायचाच नाही, वहिनी. बेल्ट साइटवरच्या खुंटीला टांगून तसाच वर चढायचा," म्हणालात. साइटचे सुपरवायझर तुम्हीच, म्हणून मी ते खरं मानलं.

आज तो पुसायला घेतला, तर बकलावरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. यांचा रुमालसुद्धा सिमेंटने ताठ व्हायचा. बेल्ट तेवढा खुंटीवर कोरा राहिला? तपासणीपुरते बेल्ट वाटतात आणि साहेब गेला की परत कपाटात कोंबतात, असं हेच सांगायचे. किल्ली तुमच्याच खिशात असते ना?

हे पत्र टाकणार नाही. वाचलंत तर उत्तर तयार ठेवाल. उद्या आमच्या थोरल्याला कामावर न्यायला याल, तेव्हा दारातच आधी ती किल्ली मागेन.

तुमची वहिनी