घेणाऱ्याची सही

६ जानेवारी, सोमवार
पोचलो एकदाच्या. यवतमाळहून निघताना बाबांनी चार वेळा बजावलं होतं की पुण्याची माणसं तुसडी असतात. इथे पहिली भेट झाली ती गोदाबाईंची, आमच्या घरमालकिणीची. खडकी स्टेशनपासून सात मिनिटांवर त्यांचं दुमजली घर, वरची खोली आम्हा दोघी बहिणींना. आल्या आल्या त्यांनी पिठलं-भाकरी वर आणून दिली आणि वर सांगितलं की जिन्यात चपला दिसल्या तर भंगारवाल्याला देईन. मला बाई एकदम आवडल्या. यजमान दारूगोळा कारखान्यात होते, आता त्या एकट्याच.
तनया एकोणीसची, पोलीस भरतीची तयारी करतेय. सामान लावायचं माझ्यावर टाकून ती पळायला मैदान शोधायला गेली. आई गेल्यापासून ती माझीच. तिच्या अंगावर वर्दी बघितली की मी सुटले.

९ जानेवारी, गुरुवार
माझी नोकरी नेमकी काय, हे सांगताना तनयाला हसू आवरेना, म्हणून इथे नीट लिहून ठेवते. काही रसायनं अशी की त्यांच्यापासून कापडाचा रंगही होतो आणि माणसं मारायचा वायूही. म्हणून जगातल्या बहुतेक देशांनी मिळून ठरवलंय: असलं रसायन विकलं तर ते कुठे पोचलं, कुणी घेतलं, याची खात्री करायची. ती खात्री म्हणजे आम्ही. परदेशी कारखान्यातून फोटो येतो. त्यात सीलबंद पिंप, सीलचा नंबर स्पष्ट, आणि पिंपावर हात ठेवून उभा असलेला घेणारा माणूस. सोबत त्याच्या सहीचा फॉर्म. मी दोन्ही ताडून शिक्का मारते, मग कागद जातो परदेशातल्या मोठ्या कचेरीत. थोडक्यात, जगाची शांतता सध्या खडकीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर, प्रियदर्शनी वानखडे यांच्या शिक्क्यावर चालली आहे.
साहेब श्यामसुंदर सर, सदाशिव पेठेतले. आवाज कधी चढत नाही, समोरच्याचा चेहरा मात्र उतरतो. महिनाभर एकही फाइल अडली नाही तर कायम करू, म्हणाले. माझ्या खुर्चीवर आधी श्रद्धा नावाची मुलगी होती. ती का गेली विचारलं तर म्हणाले, प्रकृती.

१८ जानेवारी, शनिवार
एक फाइल अडली. बाहेरदेशी एक रंगाचा कारखाना, दीड महिना झाला तरी फोटो नाही. मेल केले, फोन केले, तिकडे कुणी उचलत नाही. मी सरांना सांगितलं की अशा वेळी वर कळवायचा नियम आहे. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की फोटो येत नसेल तर काढता येतो, कॅमेऱ्याचा शोध लागून बराच काळ झाला. तसल्याच बनावटीचं रिकामं पिंप गोदामात आहे, हेही त्यांनीच सांगितलं.
मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण अर्धा तासच. कायम झाले नाही तर तनयाला घेऊन परत यवतमाळ, आणि तिची भरती तिथेच संपली.

१९ जानेवारी, रविवार
मजा आली, खरंच. टेम्पोतून पिंप आणलं, दोघींनी हसत हसत वर चढवलं, मोरीत निळा ताडपत्रीचा पडदा लावला. सीलचा नंबर कागदावर छापून पिंपाला चिकटवला. तनयाला मास्क, टोपी, हातमोजे. ती अशी रुबाबात उभी राहिली की कुठलाही कारखाना तिला मुकादम करील.
फॉर्मवर एखादं परदेशी नाव गिरवायचं ठरलं होतं, पण या बयेने सवयीने स्वतःचीच सही ठोकली, मराठीत. दुसरा फॉर्म नव्हता. मी म्हटलं, असू दे, तिकडच्यांना आपली अक्षरं म्हणजे वेलबुट्टी.

२४ जानेवारी, शुक्रवार
फाइल पास. सरांनी पेढा दिला, अर्धा.
पिंप न्यायला आज हमाल आला आणि हलवू शकला नाही. म्हणाला, ताई, रिकामं सांगितलं होतं. मी त्याला कामचुकार म्हणाले. मग स्वतः ढकलून पाहिलं. पिंप भरलेलं आहे. मी चिकटवलेला कागद नाही. नंबर पत्र्यात ठोकलेला आहे, तोच, आणि झाकणाला शिशाचं सील.
सरांची काहीतरी गंमत असेल. रविवारपासून घराला कुलूप कधी होतं, कधी नव्हतं.
तनया म्हणते खोलीतला बल्ब मंद झालाय. नवा आणला. तोही मंद, म्हणते.

२७ जानेवारी, सोमवार
तनया आज मैदानावर बसली. आठशे मीटर मुलींमध्ये पहिली येणारी माझी बहीण दोनशेला बसली. नाक वाहतंय, तोंडाला लाळ, छाती आवळल्यासारखी. भर दुपारी विचारत होती की अंधारून का आलंय.
मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या मोहरीएवढ्या.
हे मला माहीत आहे. फवारणीच्या दिवसांत आमच्याकडे अशी माणसं दवाखान्याच्या व्हरांड्यात पाहिली आहेत. डॉक्टरांनीही तेच विचारलं, कीटकनाशक हाताळलं का. मी नाही म्हणाले. इंजेक्शनने तासभर बरं वाटलं.

२८ जानेवारी, मंगळवार
पेपरात आतल्या पानावर चार ओळी. त्या देशात एका तळघरात लपलेली माणसं सापडली. जखम कुणालाच नाही. शेजारी फोटो, पांढऱ्या चादरी, काही फार लहान.
गाव तेच. आमच्या फाइलमधलं.
मी शिक्का मारला म्हणून कुणी शोधायला गेलं नाही.

२९ जानेवारी, बुधवार
सरांना सगळं सांगितलं. प्रमाणपत्र रद्द करा म्हटलं, मी तुरुंगात जाते. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. शांतपणे म्हणाले की खरा माल जिथे जायचा तिथे गेला, पण कागद म्हणतो तो तुमच्या मोरीत पोचला आणि अमुकने घेतला. जगातल्या इतक्या देशांनी मान्य केलेला कागद आहे, तो खोटा कसा पडेल? श्रद्धाने घाईत स्वतःचीच सही केली होती, म्हणाले. हुशार होती, पण घाई फार.
रद्द होत नाही. घेणाऱ्याचं नाव बदलता येतं. दुरुस्तीपत्रं खालच्या कप्प्यात. नव्या घेणाऱ्याची सही आणि माझा शिक्का, बस्स. त्याने काय सही केली ते त्याला कळायलाच हवं असं नाही, असंही म्हणाले.
मग चहा मागवला. मी प्याले.

३० जानेवारी, गुरुवार
तनयाला घेऊन पळाले. स्वारगेटला गाडीत बसवलं, इथून दूर कुठेही. कंडक्टर ओरडायला लागला की डिकीत हे पिंप कुणाचं, सामानाची जागा अडवलीय.
उतरलो. आम्ही पोचायच्या आत ते मोरीत होतं.
तिला आता पाणी गिळवत नाही. ताई, माझी परीक्षा कधी आहे, एवढंच विचारते.

३१ जानेवारी, शुक्रवार
दिवसभर माणसं मनात आणून पाहिली. सर. सर सही करत नाहीत, कशावरच, त्यांच्या टेबलावर पेनच नसतं. हमाल. त्याला लेकरं आहेत. बेकरीवाला. माझंच नाव घातलं तर? मग तनयाला कोण बघणार? हे मी स्वतःला फार लवकर पटवलं.
पाच वाजता खाली गेले. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म आहे, पोलीस ठाण्यात द्यायचाय, म्हटलं. गोदाबाई म्हणाल्या, इतके दिवस झोपली होतीस का गं? चष्मा सापडेना त्यांचा. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. वर तनयासाठी मऊ भात दिला.

२ फेब्रुवारी, रविवार
तनया जेवली. डोळे नेहमीसारखे. अंगणात धावून आली, मी रडले.
मोरी रिकामी.
खालून गोदाबाईंची हाक आली, दिवा लावा गं कुणीतरी. सकाळचे दहा वाजले होते.
तनया खाली गेली. मी गेले नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
गेल्या. पहाटे. तनयाने शेवटपर्यंत तोंड पुसलं त्यांचं. त्यांच्या स्वयंपाकघरातलं पिंप कुणाचं म्हणून शेजारी विचारत होते. उचलायला गेले तर रिकामं.
मला कायम केल्याचं पत्र मिळालं.
वाटलं होतं, एक माणूस गेलं की संपतं.
सर म्हणाले, कोण म्हणालं संपतं. घेणारा उरला नाही की पिंप दुसरा शोधतं, आणि नाही मिळाला तर पहिल्या नावावर परत येतं. दुरुस्त्या चालू ठेवायच्या. म्हणून तर कायम जागा.

५ फेब्रुवारी
तनयाला दुरुस्तीपत्राची प्रत सापडली. माझ्या बॅगेत, दोन कोऱ्या पत्रांसोबत. नाव, सही, माझा शिक्का, तारीख.
ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ताई, त्यांना चष्मा तरी शोधून द्यायचास.
मी सगळं सांगितलं, म्हटलं तुझ्यासाठी केलं. ती म्हणाली, मला विचारलंस?
दिवसभर मैदानावर होती. संध्याकाळी भरतीचा अर्ज पुढे केला, पालक म्हणून सही दे म्हणाली. इतकं बरं वाटलं — न वाचता केली.

६ फेब्रुवारी
ऑफिसातल्या ट्यूबलाइट मंद आहेत. सगळ्या कशा —
सरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग खालचा कप्पा उघडून ठेवला. म्हणाले बहीण चुणचुणीत दिसते, तिला काम हवं असेल तर सांगा.

७ फेब्रुवारी
पिंप पलंगाशी. तनयानेच सांगितलं, परवाच्या अर्जाखाली दुरुस्तीपत्र होतं. शिक्का घरी होता, बॅगेत — तिनेच मारला.
तनया दारात उभी आहे. भरतीचे बूट घातलेत. मी विचारलं, मला सांगितलंस कशाला. म्हणाली गोदाबाईंना कळलं नाही, तुला कळू दे.
पाणी मागितलं. दिलं तिने. रडत होती. पण दिलं आणि परत दारात —
गिळवत नाही

८
श्वास — अर्धा
तनया दाराशीच झोपलीय बसल्या बसल्या. थकलीय पोर. माझी पोर आहे ती
तिची जुनी सही आहे फॉर्मवर. बघून काढता येईल. खोटा फोटो काढलाच की आधी, सही काय
नको
गोदाबाईंच्या वेळी रडले नव्हते आता कशाला
कोरं दुरुस्तीपत्र एकच. रेघ दिसत नाही. बोटाने चाचपून —
ती तरुण आहे छाती मजबूत आहे ती टिकेल ती टिकेल कदाचित
नव्या घेणाऱ्याचं नाव
त