अळ्या कोषावर जायच्या आधी

२९ ऑगस्ट
रेशमाच्या अळ्या आल्या! टेम्पोतून ट्रे उतरवले, वर ओलं कापड. आत करड्या रंगाचं काहीतरी वळवळतंय — भाताच्या शितापेक्षा थोडं मोठं. हे रॅकवर पसरत होते. मी शेडच्या दारात उभी.
सासूबाई मागून आल्या. म्हणाल्या, "बसून बसून डोकं खराब करून घिऊन राह्यली. यंदा शेड तू बघ. पाला टाक. हात चालू ठेव."
यांनी वर बघितलं. "जमंल का तिला? टाके हायती अजून."
"जमंल," मीच म्हणाले.
जमेल का ते माहीत नाही. पण घरात बसवत नाही एवढं खरं.

३० ऑगस्ट
शेडमध्ये जायचं तर चप्पल बाहेर, हात धुऊन. वासाचं तेल नाही, उदबत्ती नाही, कुणी तंबाखू खाऊन आत यायचं नाही. "लई नाजूक जात हाय," हे सांगत होते. "जराशा वासानं बी मरत्यात."
दिवसातून तीनदा तुतीचा पाला. बाकी वेळ नुसतं बघत बसले. कुणी काही विचारत नाही तिथं. बरं वाटलं.

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल. आठवा महिना होता. अंगावरून जायला लागलं. जालन्याला पोचेपर्यंत मी अर्धी बेशुद्ध. पोट फाडलं. शुद्धीवर आले तर पोट सपाट आणि शेजारी कुणी नाही. हे आणि सासूबाई बाळाला घेऊन गावाकडं गेले होते — पुरायला. मी बघितलंच नाही. आई माहेराहून दुसऱ्या दिवशी पोचली, तिनंही नाही.
मुलगा होता की मुलगी, तेवढंसुद्धा कुणी बोललं नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "कशाला इचारती? गेलं ते गेलं. इसर." यांना विचारलं की हे उठून बाहेर जातात.
दवाखान्याची फाइल कपाटावर आहे. हात पुरतो. पण मला ते कागदावर वाचायचं नाही. कुणीतरी तोंडानं सांगावं.

२ सप्टेंबर
पोळा. रात्रभर पाऊस, सकाळीही थांबेना. तरी धर्मराजभावजींनी बैल आणले दारात — यांचे चुलतभाऊ, शेत आमच्या बांधाला लागून. शिंगांचा रंग पावसानं ओघळून डोळ्यांत उतरलेला. घरी ट्रॅक्टर आहे, बैलांना वर्षभर काम नाही. "पण इकायला जीव होत न्हाई, वहिनी," म्हणाले. मी पुरणपोळी भरवली. बैलानं खरखरीत जिभेनं सगळा हात चाटून घेतला. माझ्याकडं बघून न कचरलेला तोच एक, आजच्या दिवसात.
शेडमध्ये अळ्या एकदम थांबल्यात! मान वर करून, दगडासारख्या. मी घाबरले. यांना हाक मारली.
"तिसरी कात टाकून राह्यल्यात, पयल्या दोन हितं यायच्या आधीच झाल्या. आता पाला टाकायचा न्हाई, हात लावायचा न्हाई. नुसतं गप ऱ्हाऊ द्यायचं."

३ सप्टेंबर
उठल्या. पाला टाकला की सगळ्या एकदम खायला लागल्या. मोठ्या झाल्यात. हसू आलं — किती दिवसांनी!

५ सप्टेंबर
म्हशीचं रेडकू पोळ्याच्या पावसात गेलं. म्हैस दूध देईना, नुसती हंबरायची. आज सासूबाईंनी गावातल्या भिवाकडून रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून आणला. चार काठ्यांचे पाय. म्हशीपुढं उभं केलं. ती हुंगत राहिली... मग चाटायला लागली. मान, पाठ, सगळं. आणि पान्हा सोडला.
मला बघवेना. गोठ्याच्या मागं जाऊन उभी राहिले.
दवाखान्यातून आल्यावर मलाही दूध आलं होतं. पोलकं भिजायचं. सासूबाईंनी छातीला फडकं आवळून बांधलं. "आटंल चार रोजात." आटलं.
म्हशीला निदान पेंढ्याचं तरी दिलं.

८ सप्टेंबर
चौथी कात झाली. शेवटची. आता सात-आठ दिवस नुसतं खाणार, मग कोषावर जाणार. रंग बदलला, पांढऱ्या स्वच्छ झाल्या. हातावर घेतली एक. गार. मऊ. इतकी मऊ की पकडल्यासारखंच वाटत नाही. तिचे पाय चिकटतात बोटाला.
यांना आज विचारलं, "कोष बाजारात गेल्यावर पुढं काय?"
हे खूश झाले. इतक्या दिवसांनी मी काही विचारलं ना! सांगत सुटले — जालन्याच्या मार्केटला कोष घेऊन जायचे, व्यापारी येतात, मग धागा निघतो. "पैठण इथून लांब हाय का? राजे-नबाबांच्या घरातल्या पैठण्या ह्याच किड्याच्या तोंडातून आल्या. लढायांत घोडे, हत्ती मेले त्यांची नावं घेत्यात लोकं. ह्यांचं कोण घेतंय?"
"धागा कसा काढतात?"
"कोष उकळत्यात. पाखरू फोडून बाहेर आलं तर धागा तुटतो ना. म्हून आधीच—"
"आणि आतलं?"
"आतलं मरतं."
माझ्याकडं बघितलं. मग पाल्याची मोळी उचलून उगाच या रॅकवरून त्या रॅकवर ठेवली.
माझ्या लग्नातला शालू ट्रंकेत आहे. आता परत कधी अंगाला लावीन का, माहीत नाही.

११ सप्टेंबर
महालक्ष्म्यांचं जेवण. सकाळपासून माणसं. सोळा भाज्या, पुरण, आंबील. मला कुणी काही काम सांगेना. गल्लीतल्या बाया कुंकवाला आल्या की आधी लक्ष्म्यांकडं, मग माझ्याकडं बघायच्या आणि आवाज खाली यायचे.
आमच्याकडं दोन्ही लक्ष्म्यांच्या पुढं त्यांची दोन बाळं मांडतात. झबली, टोपडी, गळ्यात मणी. लग्न झाल्यापासून ती सजवायचं काम माझं. आज बघते तर बाळंच नाहीत. जागा मोकळी.
शेजारच्या पुष्पाबाईंनी विचारलंच — "बाळं कुठं गेली हो, द्वारकाबाई?"
सासूबाई दिव्यात तेल घालत होत्या. "यंदा न्हाई मांडली."
"अगं बाई! असं कसं?"
"न्हाई मांडली म्हन्लं ना."
मला वाटलं, माझी नजर नको म्हणून नाही मांडली. दिवसभर ते टोचत राहिलं. जेवलेच नाही.

१३ सप्टेंबर
आज लिहायला बसले ती आनंदानं! करंगळीएवढ्या झाल्यात. फांद्या टाकल्या की शेडभर आवाज — पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा. डोळे मिटून ऐकत बसले. हे चंद्रिका काढून धुऊन ठेवतायत — प्लॅस्टिकच्या जाळ्या, ज्यात अळ्या कोष करतात. "दोन रोजात चढतील," म्हणाले. "आतापर्यंतची सगळ्यात चांगली बॅच हाय. तुझ्या हाताला यश हाय, अक्षता."
माझ्या हाताला! रात्री परत एकदा शेडमध्ये जाऊन आले. बॅटरी लावली नाही, नुसतं ऐकलं.
असं वाटलं — निदान एवढं तरी शेवटाला नेलं मी.

१४ सप्टेंबर
काय लिहू!
सकाळचा पाला टाकला. थोड्या वेळानं आवाजच नाही. आत गेले. अळ्या मान वर करून डुलवतायत, इकडं तिकडं. मला वाटलं कोषावर चालल्या. मग एकीच्या तोंडातून हिरवं पाणी आलं. मग दुसरीच्या. आखडून निम्म्या झाल्या. रॅकवरून टपटप खाली पडायला लागल्या.
ओरडले. हे पळत आले. त्यांनी पाल्याची फांदी उचलली, नाकाला लावली. तिथंच खाली बसले.
"औषध मारलंय. कपाशीवरचं हाय. वाऱ्यानं आलं तुतीवर."
पाला बांधाकडचा होता. यांनीच भल्या सकाळी कापून आणला. धर्मराजभावजींनी काल दुपारी कपाशीला फवारलं होतं. न सांगता.
चांगला पाला कापून आणला, वरून टाकला, पंखे लावले. मी एकेक उचलून ताज्या पानावर ठेवत होते. ठेवलेली तिथंच पडायची. संध्याकाळपर्यंत उचलतच होते. हे म्हणाले, "सोड आता." मी सोडलं नाही. मग यांनी माझे दोन्ही हात धरले.

१५ सप्टेंबर
सगळ्या गेल्या.
मेलेल्या अळ्या बाहेर ठेवता येत नाहीत, कुत्री-कोंबड्या खातात. पुराव्या लागतात. यांनी लिंबाच्या पलीकडं खड्डा खणला. टोपल्यावर टोपली भरून नेल्या. पहिली टोपली आत ओतली आणि मला काय झालं कळलं नाही. तोंडातून आवाज निघाला. माझाच आहे हे मला मागून कळलं. खाली बसले ती उठवेना. माती हातानं ओढत होते — यांनी टाकलेली माती परत बाहेर.
माणसं जमली. पुष्पाबाई कुणाला तरी म्हणाल्या, "बया! किड्यांपायी एवढं रडती व्हय!"
हो. किड्यांपायी. त्यांना निदान पुरताना बघितलं मी.
हे ओरडले नाहीत माझ्यावर. फावडं टाकून लिंबाकडं तोंड करून उभे राहिले. पाठ हलत होती.
सासूबाई दारात होत्या. आल्या नाहीत. गेल्याही नाहीत.

१६ सप्टेंबर
शेड रिकामं. कान दुखतात एवढं शांत.

१७ सप्टेंबर
धर्मराजभावजी आले. टोपी हातात. ओट्यावर बसले नाहीत, अंगणातच उभे राहिले.
"वहिनी, गलती झाली. मजूर मिळाला अन् जल्दीजल्दीत फवारून घेतलं. वारा बघितलाच न्हाई. रामप्रसादला फोन करायला पायजे होता."
मला त्यांना खूप बोलायचं होतं. दोन दिवस मनात शब्द जुळवत होते. पण समोर बघितलं तर माणूस रडकुंडीला आलेला. म्हणाले, "पुढल्या बारीला तुतीकडच्या दहा ओळींला औषध लावणार न्हाई. कीड लागली तर लागली." 
मी चहा केला. प्यायले, गेले.

मग मी यांच्याकडं वळले. आज उठू दिलं नाही. दाराला पाठ लावून उभी राहिले.
"काय होतं?"
त्यांना कळलं. अळ्यांचं विचारत नाही हे कळलं.
"अक्षता..."
"तुम्ही बघितलं. हातात घेतलं. मी नऊ महिन्यांतले आठ महिने पोटात वागवलं आणि मलाच माहीत नाही. मुलगा का मुलगी — एक शब्द. एकच!"
ओठ हलले. पण आवाज निघेना. खरंच निघेना. तोंड उघडं आणि आवाज नाही, असं मी माणसाचं कधी बघितलं नव्हतं. मी बाजूला झाले. ते गेले नाहीत. तिथंच भिंतीला टेकून बसले, मीही बसले.
सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. भाकरी थापायचा आवाज मध्येच थांबला होता.

१८ सप्टेंबर
तिघं तीन वेळेला जेवलो. म्हैस तेवढी हंबरते.

१९ सप्टेंबर
उजाडता उजाडता सासूबाईंनी उठवलं. "चल." नाल्याकडं नेलं, करवंदीच्या जाळीमागं. चार दगड, शेणानं सारवलेली एवढीशी जागा. सारवण ओलं होतं. आजचं.
"पोरगी होती," म्हणाल्या. "केस लई होते. रामप्रसाद हातातून ठिवीच ना, मी वढून घेतली. तुला सांगितलं तर तू बी तिच्यामागं जाशील, असं भ्या वाटलं मला."
मग माझा हात धरून मातीवर ठेवला.
"तशीच कशी ठिवावी? कानात नाव सांगून ठिवली."
गोदावरी. माझ्या लेकीचं नाव गोदावरी.