स्लीपिंग पार्टनरची बायको

३ जानेवारी १९६०

आमचे हे पार्टनर झाले! यांचे थोरले भाऊ — माझे भासरे, भय्याजी — यांनी मरोद्याला हॉटेल टाकलं. भांडवल? माझ्या पाटल्या गहाण! पण यांची पोलादाच्या प्लान्टची नोकरी, म्हणून नाव उघड नको. "मी स्लीपिंग पार्टनर आहो," छाती फुगवून सांगत होते. म्हणजे काय, तर "पैसा लावाचा अन् बोलाचं नाही."

मग स्लीपिंग पार्टनर मीच झाले की! भासऱ्यांसमोर मला तसंही तोंड उघडता येत नाही.

९ जानेवारी

डाळ मी वाटते, मुंगवडे मी तळते. हे नाईट करून येतात आणि हॉटेलच्या बाकावर घोरतात. पार्टनरशिप इमानदारीने चालू आहे.

२ फेब्रुवारी

शिफ्ट सुटली की सायकलींची गर्दी. "भाभी, दो प्लेट मुंगवडा!" दुपारीच पीठ संपलं. भासरे गल्ल्याला टेकून बसतात, कोणी उचलून नेईल अशा थाटात.

२१ फेब्रुवारी

पाटल्या कधी सोडवायच्या, हे भासऱ्यांना विचारायला यांना पाठवलं. निरोप घेऊन आले — "दादा म्हणते, पैसा फिरून राहिला."

फिरू दे बापा! फिरत फिरत एकदा सेक्टर दोनमध्ये आमच्या घरीही येऊ दे. क्वार्टरचा नंबर कळवून ठेवते.

२२ फेब्रुवारी

नफ्यातून कढईचा घसारा कापला म्हणे. कढई झिजते. माझी कंबर मात्र कायमची नवी!

१३ मार्च

शेजारच्या सिंधुताई म्हणाल्या, "कावून फुकट राबून राहिली वो? हिस्सा माग ना!" मी यांना स्पष्ट सांगितलं — पाटल्या आणा, नाहीतर पार्टनरशिपमध्ये माझं नाव घाला. यांचा चेहराच उतरला. "दादाले कसं म्हणू मी?"

पाटल्या माझ्या आईच्या होत्या. ती गेली, आता हातही रिकामे झाले. आज फार रडले.

४ एप्रिल

भासरे हॉटेल विकताहेत! दुर्गचा एक सेठ घेतोय. भट्टी, कढई, बाकं मिळून दोनशे. आणि वर साडेतीनशे "गुडविल"चे! ते काय, विचारलं. हे म्हणाले, "गिऱ्हाईक ज्याच्यासाठी वापस वापस येते, ते."

मी रोज हॉटेल झाडते. मला तर कुठे सापडलं नाही.

आणि पाटल्या? "दादा म्हणते, आधी धंद्याची देणी. उरलं तर पाहू." शाब्बास! आमचे हे त्यावरही मान डोलावून आले.

१० एप्रिल

सेठ ताबा घ्यायला आले. बाकं हलवून पाहिली, कढई वाजवून पाहिली. मग म्हणाले, "और साढ़े तीन सौ का गुडविल किधर है?" भासऱ्यांनी भट्टीकडे बोट केलं — "वो क्या बैठी है. रोज आएगी."

भट्टीपाशी मीच!

कढई उतरवली. उठले. भासऱ्यांच्या देखत, मोठ्याने — "सेठजी, वो पैसा मेरे हाथ में दो. नहीं तो गुडविल घर चला."

भासऱ्यांनी हात पुढे केलाच होता. सेठने तो टाळून नोटा माझ्या पिठाच्या हातावर ठेवल्या.

संध्याकाळी पाटल्या सोडवून आणल्या. सेठने निरोप पाठवलाय, उद्या किती वाजता येणार? म्हटलं, आधी हिस्सा ठरवू.