ग्रहण आणि स्वराजचा पाय

मिशनचा दवाखाना,
ता. २२ जानेवारी १९९९

सौ. सुंदरा हिस आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत, घोर करू नकोस. नातवाच्या वाकड्या पायाला दुसरं प्लास्टर घातलं. स्वराज रडला, पण थोडाच. तू वेळेवर जेवतेस ना? म्हैस व्याली का?

इथले डॉक्टर दर बुधवारी घाट उतरून महाडकडच्या वाड्यांवर मुलं तपासायला जातात. लोक प्लास्टरला घाबरतात, म्हणून समजवायला परवा मलाही नेलं. तिथे अशाच पायाची एक मुलगी होती. मला राहवेना. तिच्या आईला विचारलं, "पोटुशी असताना ग्रहणात काय चिरलंस गो? माझ्या सुनेने दुधी चिरला होता."

ती म्हणाली, "मी काय नाय चिरलं, बाबा. सासूने ग्रहणभर खोलीत निजवली व्हती, पाणी पण पिऊ दिलं नाय. तरी पोरीचा पाय असाच. मग?"

परतताना तेच मी सोबतच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, यात आईचा काही दोष नसतो.

त्या दुधीवरून आपण वनिताला तीन वर्षं बोललो. जास्त मीच बोललो, म्हणून ती उमरठला माहेरी जाऊन बसली. तू उद्याच तिच्याकडे जा. म्हाताऱ्याचं चुकलं, असं त्याने स्वतः लिहिलंय म्हणून सांग. स्वराज रोज तिच्याबद्दल विचारतो, हेही सांग. ती येईल का गो? नाही म्हणाली तर माझ्यापासून लपवू नकोस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
सहदेव