जयवंती स्टँडर्ड मसाला

३ एप्रिल २००३, गुरुवार
आजपासून शोक बंद, धंदा सुरू. बायकोला, जयवंतीला, जाऊन तीन महिने झाले. दर उन्हाळ्यात ती ओळखीच्या घरांचा वर्षाचा मसाला करून द्यायची. यंदा तो मी करणार. परेशला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला दूध तापलेलं कळत नाही, उतू गेल्यावर कळतं." मी म्हटलं, धंद्याला स्वयंपाक लागत नाही, हिशेब लागतो. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की मे अखेर नफा दिसला तर मी इथे वसईतच, एव्हरशाईनच्या फ्लॅटमध्ये राहायचं. नाहीतर सामान टेम्पोत आणि मी ठाण्याला, त्याच्याकडे. मला दोन्ही सारखंच आहे. प्रश्न फक्त तत्त्वाचा आहे.

५ एप्रिल
माणिकपूरला, चष्म्याच्या दुकानाच्या वर, 'व्यवसायाचे हिशेब: तोंडओळख' या क्लासला नाव घातलं. बाकी सगळी कॉलेजची पोरं. फर्डिनंड सर मला 'काका' म्हणतात आणि पुढच्या बाकावर बसवतात. आजचा धडा फिक्स्ड कॉस्ट. सर म्हणाले, "काका, दुकान बंद ठेवलं तरी जो खर्च चालूच राहतो, तो फिक्स्ड." घरी येऊन विचार केला. या व्याख्येप्रमाणे मी स्वतःच फिक्स्ड कॉस्ट आहे.

७ एप्रिल
ओपनिंग स्टॉक मोजला. मिरची नाही, धणे नाहीत. तिनं गेल्या वर्षी केलेला मसाला, एक बरणी, निम्मी. विक्रीला नाही म्हणून किंमत शून्य धरली. रोज आमटीत अर्धा चमचा घालतो. हा वापर नव्हे, क्वालिटी कंट्रोल.

नंतर घसारा काढला. मिक्सर, कढई, गच्चीवर अंथरायच्या चादरी. तिचा चष्माही यादीत आला. उपयोग नसलेली वस्तू भंगारात काढावी असं सर म्हणतात. काढला. संध्याकाळी परत कपाटात ठेवला. भंगाराला सध्या भाव नाही.

१० एप्रिल
तिच्या पद्धतीतले दोष आता स्पष्ट दिसतात. प्रत्येक घराचा मसाला वेगळा भाजायचा, वेगळा कांडायचा, मध्ये कढई धुवायची. क्लाराबाईंना रंग हवा, कृष्णाबाईंना मासळीला चालेल असा, शेजारच्या जागृतीला तिखट कमी. शिवाय स्वतःच्या मेहनतीचे पैसे ती धरतच नव्हती. म्हणजे इतक्या वर्षांचा नफा खोटा होता. हे तिला सांगायला हवं, असं मनात आलं.

आज इथेच थांबतो.

१२ एप्रिल
निर्णय: एकच मसाला, सगळ्यांना. नाव 'जयवंती स्टँडर्ड'. मोठा घाणा, कमी खर्च.

सगळ्या घरांकडून ॲडव्हान्स आणला. पहिल्याच आठवड्यात नफा! परेशला लगेच कळवलं. संध्याकाळी क्लासमध्येही सांगितलं. सर म्हणाले, "काका, माल दिला नाही तोवर तो नफा नाही, ते देणं आहे." मागची पोरं हसली. नफा खोडला. परेशला कळवलेलं नाही.

१४ एप्रिल
पावत्यांसाठी रबर स्टॅम्प करून घेतला. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' छान उमटतो. क्लाराबाईंची पावती द्यायला वसई गावात गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "अहो भाऊ, जयवंतीनं कधी चिठ्ठीसुद्धा दिली नाही. पैसे मागायला यायची आणि जेवून जायची. पैसे राहूनच जायचे."

वसुलीची ही पद्धत फारच ढिली. मी जेवायला थांबलो नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
क्लासला सुट्टी. मिरची गच्चीवर वाळत घातली. खर्चात कपात: दगडफुलाला चव नाही, रंग नाही, भाव मात्र आहे. वगळलं. नाकेश्वर, म्हणजे नागकेशर, तेच. मिरचीचे देठ काढायला बायका लावाव्या लागतात आणि वजनही घटतं. देठ ठेवले.

कृष्णाबाई खाडीपल्याडच्या गावातून बाजाराला आल्या होत्या, तशाच गच्चीवर चढल्या. चादरीकडे बघत राहिल्या. "भावजी, देठ कुटून घालनार? आमी काय बकऱ्या हाव?" मी कॉस्टिंग समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमची बाय असती तर तुमालाच वालत घातला असता."

ग्राहकाला सुरुवातीला बदल आवडत नाही.

२४ एप्रिल
गिरणीत मसाला कांडून आणला. गोण्या हॉलमध्ये ठेवल्या. दरवर्षी या दिवशी जिन्यापर्यंत वास जायचा आणि जागृती शिंकत शिंकत भांडायला यायची. आज दार उघडं ठेवून बसलो. कोणी आलं नाही. शेवटी मीच तिची बेल वाजवून विचारलं, त्रास होतोय का? ती म्हणाली, "नाही काका, कसला?"

२५ एप्रिल
आमटी करून पाहिली. मसाला लाल आहे. याहून जास्त काही लिहिता येत नाही.

२६ एप्रिल
उपाय सापडला! दूध कितीही असलं तरी चमचाभर विरजणानं सगळ्याचं दही होतं. तेच तत्त्व. तिच्या बरणीतला मसाला गोण्यांमध्ये सारखा वाटून घातला, हातानं कालवला. बरणीही थोडा नवा मसाला घालून विसळून घेतली, काही वाया जाऊ नये म्हणून. रात्रभर मुरू देतो.

२७ एप्रिल
फरक पडला नाही.

बरणी धुऊन पालथी घातली.

३ मे
माल पोचवला. सगळ्या पावत्यांवर स्टॅम्प. आता नफा खराखुरा. परेशला फोन केला. तो म्हणाला, "अभिनंदन. लोकांनी खाल्ला का पण?"

८ मे
जागृती म्हणाली तोंड भाजलं. कृष्णाबाईंनी निरोप पाठवला, "कोलंबीला कोलंबीचाच वास येतो, मसाल्याचा पत्ता नाय." क्लाराबाईंनी काहीच कळवलं नाही. एकीला तिखट, दुसरीला फिका, तिसरी गप्प. सरासरी काढली तर माल बरोबर आहे.

१० मे
क्लासमध्ये गुडविल, म्हणजे धंद्याचं कमावलेलं नाव. ते दिसत नाही, मोजता येत नाही, पण धंदा विकायला काढला की कळतं. मी प्रश्न विचारला, ज्या माणसामुळे गुडविल आहे तो माणूसच गेला तर? सर म्हणाले, "मग राइट ऑफ करावं लागतं, काका." कसं करायचं, हे वेळ संपल्यामुळे राहिलं.

१५ मे
पिशव्या परत येताहेत. कोणी भांडत नाही. दाराशी ठेवतात, "राहू दे काका, पैशाचं नंतर बघू" म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. यापेक्षा भांडलेलं परवडलं असतं. स्टॅम्प दाखवण्याची संधीच मिळत नाही.

ठरवलं: सगळ्यांचे पैसे घरी जाऊन परत करायचे. स्टॅम्प ड्रॉवरमध्ये.

१८ मे, रविवार
पैसे वाटत फिरलो. प्रत्येक घरी बसवलं. जयवंती कुठल्या खुर्चीत बसायची ते दाखवून तिथेच बसवलं. इतका चहा झाला की पोटात जळजळ. हा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते कळत नाही, कारण तो मी केलेला नाही.

शेवटी क्लाराबाई. त्या नुकत्याच चर्चमधून, मिसाहून आल्या होत्या. पैसे टेबलावर ठेवले, तर त्यांनी ताट वाढलं. सुक्या बोंबलाचं कालवण. पहिल्याच घासाला हात थांबला.

"तिखट झालं का हो?"

हो म्हटलं. डोळ्यांतल्या पाण्याला सांगण्यासारखं दुसरं कारण नव्हतं.

"गेल्या वर्षीचाच आहे, तुमच्या घरचा. तुमची पिशवी मी उघडलीच नाही, भाऊ. आधी तिचा संपवायचा म्हटलं." त्यांनी फडताळातून छोटा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, विकलेला माल परत घेत नाही. त्या म्हणाल्या, "मी कुठं पैसे मागतेय? उचला, आणि ताट संपवा."

नियमाला अपवाद: एक डबा.

२४ मे, शनिवार
परेश हिशेब बघायला आला. गोण्या ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेला. म्हणाला, अंड्याचा रस्सा करतो. ओट्यावर क्लाराबाईंचा डबा होता. मी 'थांब' म्हणेपर्यंत त्यातले भरलेले चमचे पातेल्यात पडले होते.

जेवताना त्यानं रस्सा परत वाढून घेतला. मग म्हणाला, "बाबा, हुबेहूब आईचा. जमलं की तुम्हाला!" खुलासा करायला तोंड उघडलं, पण त्यात घास घातला.

"राहा तुम्ही इथेच. नफा काय, होईल हळूहळू. मीच उगाच मागे लागलो."

जाताना त्यानं गोणीतून मोठी पिशवी भरून घेतली. "हाच ना?" असं विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. न विचारलेल्या व्यवहाराची नोंद करायची नसते. बहुधा.

आज बऱ्याच दिवसांनी झोप लागेल. धंद्याचा मूळ हेतू साध्य झाला.

२६ मे, सोमवार
सकाळी परेशचा फोन. काल त्यांच्याकडे त्या पिशवीतल्या मसाल्याचं मटण केलं होतं. पाहुणेही होते.

टेम्पो रविवारी येतोय. भाडं तोच देणार, म्हणजे या एका व्यवहारात तरी मला तोटा नाही. गोण्या मागे टाकायच्या. डबा मांडीवर घेऊन बसेन. हलवून पाहिला, तळाला थोडा आवाज येतो.