पुन्हा एकदा कर

४ जून

नाही जमलं. दिवसभर काचेच्या खोलीत माइकसमोर खोकले, धापा टाकल्या, आणि दिग्दर्शकाचं एकच पालुपद — "मॅडम, हा मुलगा आजारी नाही वाटत, जिना चढून आल्यासारखा वाटतो."

बेचाळीस वर्षांची बाई मी. लहान मुलांचे आवाज देऊन पोट भरते. कार्टूनमधल्या खारुताई, राजपुत्र, जाहिरातीत बिस्किटं मागणारी कार्टी — सगळं करून झालं. पण या सिनेमातलं पोर मरणाच्या दारात आहे. पडद्यावर ते ओठ हलवतं आणि माझ्या गळ्यातून धडधाकट मुलगा बाहेर पडतो. मोठा सीन अजून राहिलाय. ऑपरेशनला नेताना तो आईला हाक मारतो — आणि वाचतो की जातो, हे बघणाऱ्याला कळता कामा नये. तो फसला तर सिनेमा फसला, म्हणे.

६ जून

दादाकडे गेले. त्याच्या टिकलीचं ऑपरेशन महिनाअखेरीस. जन्मापासून पोरीच्या हृदयाला छिद्र. नऊ वर्षांची आहे. बोलताना थांबते, श्वास गोळा करते, मग उरलेलं बोलते. इतकी वर्षं तिच्याशी गप्पा मारतेय, आज पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. ती वाक्य संपल्यावर नाही थांबत. शब्दाच्या मधेच थांबते. हेच तर मला येत नव्हतं!

वहिनी खूश. "बरं झालं आलात, ताई. तिला तुमची फार ओढ." मी चहा पिता पिता टिकलीचे श्वास मोजत होते.

९ जून

टिकलीला सांगून टाकलं. चोरून ऐकणं बरं नाही वाटलं. पोरगी एकदम खुलली. "म्हणजे मी तुझी मास्तरीण?" उशीला टेकून बसली आणि शिकवणी सुरू. "असं नाही, आत्या. तू आधीच दमतेस. बोलायला लागल्यावर... दमायचं."

मी फोनवर रेकॉर्ड करत होते. चांगलं झालं की "ओके" म्हणायचं, नाहीतर "पुन्हा एकदा कर". त्या 'ओके'चं तिला भारी अप्रूप.

तो मुलगा वाचतो का, विचारत होती. म्हटलं, मलाही माहीत नाही गं. शेवट दिग्दर्शकाने आम्हाला कोणालाच दाखवलेला नाही.

१२ जून

पोरगी नाटकी होत चाललीय. माझी चाहूल लागली की जरा जास्तच धापा टाकते. दादा म्हणाला, "घरात एक नाटकी होती, आता दोन झाल्या."

१५ जून

लिहायला हात धजत नाही.

वहिनी औषधं आणायला गेली होती, दादा कामावर. टिकली खिडकीपाशी खुर्चीत, मी फोन धरून समोर. म्हणाली, "आत्या, आ—" आणि थांबली. मग नुसता श्वास. बारीक, शिट्टीसारखा. इतका हुबेहूब की अंगावर काटा आला. मी डोळे मिटून ऐकत होते. डोळे मिटून! तिच्या ओठांचा रंग बघायचा सोडून. श्वास जरा स्थिरावल्यावर म्हटलं, "छान. शेवट गडबडला. पुन्हा एकदा कर."

तिने पुन्हा केलं. आणि खुर्चीवरून घसरली.

तेवढ्यात वहिनी दारात आली. पुढचं सगळं तिनेच केलं — पोरीला उचललं, शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. मी वेड्यासारखी चपला शोधत होते. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून चाललं होतं? वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला वाटलं, ती नाटक करतेय."

१६ जून

टिकलीला अजून कृत्रिम श्वासावर ठेवलंय. वहिनी माझ्याशी बोलत नाही.

१८ जून

दादा म्हणाला, तू इथे बसून काही होणार नाही, कामावर जा. वहिनीला माझं तोंड बघायचं नाही, एवढं तो बोलला नाही.

आज तोच सीन होता. लाल दिवा लागला. पडद्यावरच्या पोराने आईला हाक मारली आणि मला काही शोधावंच लागलं नाही. शब्दाच्या मधे थांबले. ती बारीक शिट्टी आली. एका टेकमध्ये ओके. रेकॉर्डिस्ट चष्मा काढून डोळे पुसत होता. दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, हे आणलंत कुठून?"

बाहेर येऊन जिन्यात बसले. फोनमधलं सगळं पुसून टाकलं. त्याने काय होणार आहे? गळ्यातलं कसं पुसू? ते मला येतंय आता. जन्मभर येत राहील. लाज वाटते स्वतःची.

२१ जून

काल घाईघाईने ऑपरेशन केलं. निभावली पोर. दादाने फोनवर सांगितलं. शुद्धीवर आल्यापासून टिकली सारखी माझं नाव काढतेय. वहिनीने निरोप दिलाय — या, पण थोडाच वेळ.

२२ जून

नळ्यांच्या गर्दीत एवढीशी दिसत होती. मी माफी मागायच्या आत तिनेच खुणेने माझा कान जवळ बोलावला.

"आत्या, पहिलं खरंच होत होतं. तू पुन्हा म्हणालीस म्हणून... दुसरं मी केलं." थांबली. श्वास गोळा केला. "ओके होतं ना?"