पायलच्या माहेरचं रोटावेटर

आदरणीय इवाई डोमाजीभाऊ यांस,

लटारूचा हात जोडून रामराम. इहीनबाईले कमळाचा नमस्कार सांगा (तिनं तोंडानं सांगितला नाई, पण मान हालवली, तो नमस्कारच धरतो). तुमचा गुडघा कसा आहे? आमच्या इथी सारे ठणठणीत. पाण्याची बोडी भरली, धानाचे पऱ्हे रोवण्याजोगे झाले, म्हैस चारा खात नव्हती ते आता खाऊन राह्यली. तुमच्या पहाडावर फोन लागत नाई, आणि लागला तरी अर्धं वाक्य तुम्हाले न अर्धं दरीले, म्हणून हे पत्र. मूल गावाच्या बसच्या कंडक्टरजवळ देतो. तो गडचांदूरले जिवतीच्या गाडीत चढवून देईन म्हणते.

पहिलेच सांगतो, तुम्ही दिलेलं रोटावेटर उत्तम आहे. (तुम्ही नवीन घेतलं तेव्हा जुनं विकता आलं असतं. "पोरीच्या घरी चालू द्या" म्हणून इथवर पोचवून दिलं, हे मी विसरलो नाई.) फक्त झालं असं, की चिखलणी सुरू केली न त्याच्या बाजूच्या गिअरबॉक्समधून तेल गळाले लागलं. धानाच्या बांधीतल्या पाण्यावर सारे मोरपिसाचे रंग. आता इवायाच्या घरून आलेल्या वस्तूले "गळते" म्हणणं बरं दिसत नाई, म्हणून घरात आम्ही "मशीनले घाम येते" असं म्हणत होतो. तुमची पायल ऐके न पदर तोंडाले लावून हासे.

मग उपचार सुरू झाले. कमळानं फटीत साबणाची वडी घासली (पेट्रोलच्या टाकीले चालते, असं तिच्या भावाचं मत). दिवसभर बांधीत फेस, आणि बगळे दुसऱ्याच्या शेतात. मग मी डोकं लावून तेलाऐवजी ग्रीस भरलं. दुपारपर्यंत गिअरबॉक्स असा तापला, की प्रफुलनं हात लावला न शिवी दिली, बाप समोर उभा असताना. शेवटी आमच्या गावचे बापूजी आले. विहिरीच्या मोटरीपासून लग्नाच्या बँडपर्यंत सारं तेच दुरुस्त करतात. त्यायनं मूलवरून तेल अडवायचं नवीन रबरी सील आणलं न ठोकून बसवलं, पण उलटं. सीलच्या ओठाचं तोंड आत, तेलाकडं पाहिजे, ते त्यायनं बाहेर केलं. पहिले थेंब पडत होते, आता धार लागली.

पायल तेव्हाच मले म्हणाली होती, "मामाजी, सील कशानं कापलं ते त पाहा. आमच्या इथी इतके हंगाम चाललं, थेंब नाई पडला."

मी "हो हो, पाहतो" म्हटलं न पाह्यलं नाई. रोवणीच्या बाया ठरल्या होत्या, पऱ्हे पिवळे पडून राह्यले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्या संध्याकाळी कमळा बोलली, "पहाडावरचं ते पहाडावरच बरं. इथल्या चिखलात टिकत नाई." बोलताना तिची नजर मशीनवर होती, मी साक्षीदार आहो. पण मशीनजवळ घमेलं घेऊन पायल उभी होती. (तुमच्या इथी कापूस-सोयाबीन, कोरडं रान. पोरीले आमची रोवणी जड जाते, दुपारून कंबर धरते, हे सारं गाव जाणते.)

पायलनं विचारलं, "आई, हे मशीनले म्हनलं का मले?"

कमळा म्हशीकडं वळली. प्रफुल बोल्ट मोजाले लागला. मी पाना पुसून राह्यलो होतो, तो आधीच पुसलेला होता. एकानं जरी "मशीनले" म्हटलं असतं त काम भागत होतं. सकाळी पोरीनं सैपाक केला, पाणी भरलं न बॅग घेऊन बसमधी बसली. तुम्हाले तिनं काय सांगितलं मले माहीत नाई. घडलं त्याहून कमीच सांगितलं असन, ते तशीच आहे.

ते गेल्यावर घर असं शांत झालं, की पहिल्यांदा आम्ही मशीन नीट उघडलं. घमेलं यावेळी कमळानं धरलं. आतून तेल निघालं ते दूध घातलेल्या चहासारखं, पाणी शिरलेलं. प्रफुलनं सील काढलं, त शाफ्टच्या बुडाशी हिरवा नायलॉनचा धागा करकचून गुंडाळलेला. त्या धाग्यानंच पहिलं सील कापलं. कमळा सुईनं उकलत बसली. एका गाठीशी आली न तिचा हात थांबला. (तिचं माहेर मासेवाल्यायचं. जाळं स्वतः विणते, आणि डावखुरी असल्यानं तिची गाठ उलटी पडते.)

"हे माह्या जाळ्याचं आहे," ते म्हणाली. "फाटलं म्हनून मीच बांधीच्या धुऱ्यावर फेकलं होतं."

मी बोलाले तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर मिटलं.

"पोरगी पाहा म्हनत होती," ते पुढं म्हणाली. "आपन पाह्यलं नाई."

नवीन सील प्रफुलनं पाइपच्या तुकड्यानं चारी बाजूनं हळूहळू ठोकून सरळ बसवलं. तेल भरलं. कमळा खाली जुना पेपर अंथरून दिवे लागेपर्यंत बसली. एक डाग नाई पडला.

डोमाजीभाऊ, तेव्हापासून मी विचार करून राह्यलो. मशीन दुकानातलं असतं त आम्ही पहिल्याच दिवशी उघडलं असतं. तुमच्या घरचं म्हणून त्याले इतका मान दिला, की हात लावला नाई, न नावही ठेवलं नाई. त्याच घरून पोरगी आली, तिले एका शब्दाचा मान देता आला नाई. तर मशीनची काळजी नसावी.

आपला,
लटारू

ता. क. खरी गोष्ट राह्यलीच. उद्याच्या बसनं कमळा तुमच्याकडं येऊन राह्यली. पायलले घरी थांबवून ठेवा. कमळाले माफी मागायची सवय नाई, म्हणून ते दोन दिवसांपासून म्हशीसमोर वाक्य म्हणून पाह्यते. कोणी मधात बोलू नका, नाई त तिले पहिल्यापासून म्हणावं लागन.

ता. क. दुसरा. काल कंडक्टर भेटला नाई, पत्र खिशातच राह्यलं, म्हणून हे बसस्टॉपवर लिहून राह्यलो. बस आली, कमळा नवं लुगडं नेसून चढायले गेली, न त्याच दारातून पायल उतरली. तुम्हाले न सांगता निघाली म्हणे, रागावू नका. दोघी दारातच उभ्या, कंडक्टर घंटी वाजवून राह्यला. कमळा सारं वाक्य विसरली. म्हणाली, "जेवली का?"

पायल म्हणाली, "नाई. घाटात मळमळते मले."

कमळानं तिची बॅग घेतली न दोघी चालू लागल्या. माझ्याकडं कोणी पाह्यलं नाई.

म्हणून वरचं थांबवायचं वगैरे राहू द्या. एवढंच करा, कमळाले पोळ्याले बोलवा. वाक्य तिच्या पोटात तसंच राह्यलं, ते तिथं म्हणन. लहानच आहे.